देठ, शेंडा आणि तराजू

पावसाळा सरत आला की धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातून एक बातमी ठरलेल्या चालीने येऊ लागते. सातपुड्याच्या उतारावर, कुठे वनजमिनीच्या तुकड्यात, कुठे कापूस, तूर किंवा मक्याच्या आड लावलेला गांजा पोलिसांना सापडतो. झाडे मुळासकट उपटली जातात, पंचनामा होतो, तराजू लागतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात इतके किलो गांजा, इतक्या लाखांचा मुद्देमाल असा मथळा छापून येतो. या मथळ्यातला वजनाचा आकडा सगळे जण जसाच्या तसा मान्य करतात. वजन कशाचे केले, हे क्वचितच कोणी विचारते. माझे म्हणणे असे की गांजाचे झाड जमिनीखाली आणि जमिनीवर इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी वाढते, की अख्ख्या झाडाच्या वजनावरून त्यातल्या अमलाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. एकोणिसाव्या शतकातल्या अबकारी अधिकाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती आणि त्यांनी आपले कर त्याच ज्ञानावर आकारले होते. ते ज्ञान मधल्या काळात हरवले. त्याची किंमत आज कोण मोजतो हे पाहायचे, तर आधी झाड नीट पाहावे लागेल.

गांजाची झाडे नर आणि मादी अशी वेगवेगळी असतात. नराला लोंबत्या, पिवळट हिरव्या फुलांचे सैल घोस येतात. फुलात पाच पाकळ्यांसारखी दले आणि पाच पुंकेसर असतात. परागकण उडवून झाले की नर सुकतो. मादीचे फूल डोळ्यात भरतही नाही. पानाच्या बगलेत एक हिरवे, निमुळते, गुंडाळलेले छद असते आणि त्याच्या टोकातून दोन पांढरे तंतू बाहेर डोकावतात. हे छद भिंगाखाली धरले तर त्याच्यावर टाचणीच्या घुंडीसारखी डोकी असलेले असंख्य बारीक केस दिसतात. अमली राळ तयार होते ती या घुंड्यांत. शेंड्याजवळच्या लहान पानांवर अशा घुंड्या थोड्याफार असतात, खालच्या मोठ्या पानांवर विरळ होत जातात, लाकडासारख्या टणक खोडात जवळजवळ नसतात आणि मुळात तर नसतातच. अंमल आणणारा मुख्य घटक इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली वेगळा काढून दाखवला. पण अंमल शेंड्यात असतो, खोडामुळात नसतो, हे पिकवणाऱ्याला आणि चिलीम भरणाऱ्याला त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून माहीत होते.

आता वाढीचे पाहू. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस मोठा असेपर्यंत ते फक्त फांद्या आणि पाने वाढवते. रात्री लांबू लागल्या की फुलावर येते. धुळे आणि जळगाव २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. इथे जूनमधला दिवस साडेतेरा तासांच्या जवळ जातो आणि डिसेंबरमधला अकरा तासांच्या आत येतो. त्यामुळे मृगाच्या पावसावर उगवलेले झाड तीन-चार महिने नुसते वाढत राहते, माणसाच्या डोक्यावर जाते आणि मग फुलते. तेच बी पोळ्यानंतर पडले तर झाड कमरेएवढे होते न होते तोच फुलावर येते. दोघांच्या शेंड्यांची प्रत सारखी असू शकते, पण खोडाच्या वजनात कित्येक पटींचा फरक पडतो. जमीन आणखी वेगळाच परिणाम करते. डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीत सोटमूळ फटी शोधत खोल जाते आणि वरचे झाड काटक राहते. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत, पाणी साचले तर सोटमूळ खुंटते, आडवे वळते, आणि बुंध्याजवळ नवी तंतुमुळे फुटून त्यांचा जाडसर झुबका तयार होतो. असे झाड ओल्या मातीतून उपटले की मुळाबरोबर ढेकूळ येणारच. अंतराचे गणितही तसेच आहे. दाट पेरले तर झाड काठीसारखे सरळ, बिनफांद्यांचे वाढते. विरळ लावले तर बुंध्यापासून फांद्या फुटून त्याचे झुडूप होते.

याच्याही पलीकडे काही विचित्र वाढी आहेत आणि त्या दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. या झाडाला खाली समोरासमोर पाने येतात आणि शेंड्याकडे एकाआड एक. पण काही झाडांत प्रत्येक पेरावर तीन-तीन पाने निघतात. काहींचा शेंडा गोल न राहता पट्टीसारखा चपटा होतो, जणू अनेक शेंडे शेजारी-शेजारी चिकटले आहेत, आणि त्या एकाच शेंड्यावर फुलांची प्रचंड गर्दी होते. ताण पडला, पाणी तुटले किंवा दिवसरात्रीचे मान बिघडले, की मादी झाडावर नराची फुले उमलतात. हिवाळ्यात फुललेले झाड शेतात तसेच राहिले आणि उन्हाळ्यात दिवस वाढला, तर ते फुलोरा सोडून पुन्हा पालवीवर येते; मग त्याला पाच-सात बोटांच्या पानांऐवजी एकेरी, वेडीवाकडी पाने फुटतात आणि जुन्या फुलोऱ्यातून नव्या फांद्या बाहेर पडतात. अशा झाडाला पाहून गांजा म्हणून ओळखणेही सोपे राहत नाही. खानदेशात घरोघरी भाजीसाठी लावल्या जाणाऱ्या अंबाडीची बोटांसारखी पाने गांजाच्या पानांशी इतकी मिळतीजुळती असतात की वनस्पतिशास्त्राने तिला हिबिस्कस कॅनाबिनस म्हटले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या डेव्हिड प्रेन यांनी तर १९०४ साली गांजाच्या फुलांची रचना, त्यांच्यातल्या विकृती आणि त्यांचा नर-मादीपणा यांवर एक स्वतंत्र शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. सरकारी नोकरीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका अबकारी पिकाच्या विकृत फुलांवर एवढा वेळ घालवला, यामागे केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. त्याच प्रेन यांनी १८९३ साली बंगालमधल्या गांजाच्या लागवडीचा आणि वापराचा सरकारी अहवाल लिहिला होता. झाड कसे वाढते यावर महसूल कसा मिळतो हे अवलंबून होते.

खानदेशचा या इतिहासातला भाग समजून घ्यायचा तर नकाशा पाहावा. १८१८ साली इंग्रजांकडे आलेला आणि १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा दुभागलेला हा जुना जिल्हा, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळे झालेले नंदुरबार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातली गांजाची नावाजलेली लागवड अहमदनगर आणि साताऱ्याकडे होती. मध्य प्रांतात ती निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या आसपास एकवटली होती. खांडवा म्हणजे भुसावळहून रेल्वेने पुढचे मोठे जंक्शन. एका अंगाला नगर, दुसऱ्या अंगाला खांडवा, आणि मधून आग्रा-मुंबई रस्ता व लोहमार्ग. खानदेश हा दोन गांजापट्ट्यांमधला मुलूख होता आणि दोन वेगवेगळ्या अबकारी पद्धतींची सीमाही सातपुड्याच्या याच रांगांतून जात होती. जिथे दोन कायदे आणि दोन दर एकमेकांना भिडतात तिथे चोरटी वाहतूक मूळ धरते, हे महसुलाचा कोणताही जुना अधिकारी सांगेल. आजचा शिरपूरचा पट्टाही नेमका राज्यसीमेवर, पळासनेर आणि सेंधव्याच्या मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. इथल्या लागवडीमागे गरिबी आणि डोंगराची आडवळणे आहेतच, पण सीमेचा हा इतिहास विसरून चालणार नाही. खानदेशच्या शेतकऱ्याला दोरखंडासाठी या झाडाची गरज कधीच पडली नाही. त्याच्याकडे अंबाडी आणि ताग होते. हिंदुस्थानातल्या तंतुवनस्पतींवर १८५५ साली ग्रंथ लिहिणारे फोर्ब्स रॉइल यांनीही हाच भेद टिपला होता: हिमालयाच्या उतारावर हे झाड वाखासाठी लावतात, मैदानात अमलासाठी, आणि दोन्हींची लावण्याची रीत वेगळी. वाखाला दाटी हवी, अमलाला मोकळे ऊन-वारे. एकाच जातीची ही दोन पिके शेजारी-शेजारी ठेवली तर अनोळखी माणूस त्यांना दोन वेगळ्या वनस्पती समजेल.

१८९३ सालच्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन यांनी गांजासारख्या पदार्थांबद्दल प्रश्न विचारला आणि त्यातून हिंदुस्थान सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यातले कलेक्टर ओमनी होते, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते, आणि ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी सभासद होते. ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून आयोगाने १८९४ साली अहवाल दिला. माफक सेवनाने सहसा इजा होत नाही आणि सरसकट बंदी शहाणपणाची नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडली. या निष्कर्षाचा हवाला आज गांजाची बाजू घेणारे हटकून देतात. माझ्या दृष्टीने आयोगाचे मोल त्या निष्कर्षापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत अनेकांच्या वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिलेले होते. आयोगाने १८९२ सालची अशी प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली, आणि पुष्कळ ठिकाणी ते कारण पोलिसांनी किंवा कारकुनाने विशेष चौकशी न करता लिहून टाकले होते असे त्याला आढळले. कागदावर एकदा शब्द पडला की तो पुढच्या प्रत्येक तक्त्यात तसाच उतरतो. पंचनाम्यातल्या वजनाचेही आज तसेच होते.

त्या काळच्या करपद्धतीत माझ्या म्हणण्याचा सर्वात भक्कम पुरावा आहे. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागात परवान्याने गांजा पिकत असे आणि आयोगाने त्या पद्धतीला बरेचसे आदर्श मानले. तिथे रोपे वाफ्यात वाढवून शेतात लावत, खालच्या फांद्या छाटत, आणि फुलोरा येण्याच्या सुमारास पोद्दार नावाचा जाणकार शेतातून फिरून नर झाडे ओळखून काढून टाकी. परागकण न मिळालेली मादी बी धरत नाही आणि फुलोराच वाढवत राहते, म्हणून ही सगळी मेहनत. फुलायच्या आधी, केवळ फुटव्याच्या ठेवणीवरून नर ओळखणे ही मोठी नजर होती. ती नजर असलेल्या माणसाला वेगळा मेहनताना मिळे. काढणीनंतर माल तीन प्रकारांनी बांधत. फांदीसकट घोस पायाने तुडवून चपटा करत, तो चपटा गांजा. यात काड्या सर्वात जास्त. जाड काड्या काढून घोस वळत, तो गोल. यात काड्या कमी. आणि काड्यांपासून पूर्ण सुटलेला नुसता फुलोरा म्हणजे चूर. आता सरकारने शेरामागे जो कर लावला तो तिन्हींना सारखा नव्हता. चपट्यावर सर्वात कमी, गोलावर त्याहून जास्त, चुरावर सर्वात जास्त. कारण उघड होते. चपट्याच्या एका शेरात सरकार लाकडावर कर घेत होते आणि चुराच्या एका शेरात अमलावर. ही दरातली तफावत ठरवणाऱ्यांना झाडाबद्दल प्रेम नव्हते, शेतकऱ्याबद्दल दया नव्हती. त्यांना महसूल हवा होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी देठ आणि फूल यांचा हिशोब वेगळा ठेवला.

करदाता आणि सरकार, दोघांचेही हित तिथे खऱ्या वजनात होते. जास्त काड्या म्हणजे वाहतुकीचा खर्च जास्त, गोदामाची जागा जास्त, आणि गिऱ्हाईक नाराज. म्हणून माल साफ करणे सर्वांच्या फायद्याचे होते. आजच्या छाप्यात हे हित उलटे झाले आहे. झाड जितके मुळाखोडासकट, जितके ओले, तितका आकडा मोठा, मथळा मोठा आणि कारवाई यशस्वी. साफ करण्यात कोणाचाच लाभ नाही, ज्याच्यावर आरोप आहे तो सोडून. आणि तराजूजवळ त्याचे कोणी ऐकत नाही.

कायद्याच्या व्याख्या क्रमाने पाहिल्या तर हे अधिक स्पष्ट होते. १९२५ च्या जिनिव्हा करारात या पदार्थाची व्याख्या मादी झाडाचे वाळलेले फुलांचे किंवा फळांचे शेंडे अशी होती: मादी, वाळलेले, शेंडे, तिन्ही शब्द मोजून घातलेले. १९३० च्या हिंदुस्थानातल्या डेंजरस ड्रग्ज अॅक्टने जाळे मोठे केले आणि पाने, लहान देठ व शेंडे असे धरले, कारण त्याला भांगही पकडायची होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पुन्हा शेंडेच आले आणि शेंड्यांसोबत नसलेली पाने व बी वगळली गेली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झालेल्या आपल्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने तीच व्याख्या घेतली. मात्र त्यात मादीचा उल्लेख नाही आणि वाळलेले हा शब्दही नाही. साठ वर्षांतल्या या चार व्याख्यांपैकी एकीतही मूळ नाही, जाड खोड नाही. विस्तारलेल्या १९३० च्या व्याख्येलाही देठ लहान असावा लागला. म्हणजे मुळासकट झाड तराजूत टाकून त्याला गांजा म्हणण्याला कोणत्याही काळच्या कायद्याचा आधार मिळत नाही.

२००१ सालापर्यंत या गोंधळाने फारसे बिघडत नव्हते, कारण शिक्षा आजच्यासारखी वजनाशी बांधलेली नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आणि १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेने गांजासाठी दोन रेषा आखल्या. १ किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, २० किलोंपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण. अल्प प्रमाणाला आता जास्तीत जास्त १ वर्षाची सक्तमजुरी. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षे, वर १ ते २ लाख दंड; आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणे अतिशय अवघड. हेतू चांगला होता: चिलीम ओढणारा आणि गाडी भरून माल नेणारा यांना एकाच मापाने मोजू नये. आता समजा, विरळ लावलेले, चांगले वाढलेले एक ओले झाड मुळामातीसकट २ किलोंहून थोडे जास्त भरले. अशी दहा झाडे म्हणजे २० किलोंच्या वर. त्यांतले मूळ, खोड, मोठ्या फांद्या बाजूला केल्या, शेंडे खुडले आणि वाळवले तर हाती काही किलोच राहतील, कारण ताज्या झाडाच्या वजनात बहुतेक वाटा पाण्याचा असतो. दुसरीकडे, महामार्गावर अडवलेल्या गाडीतल्या पोत्यात तेवढाच माल सापडला तर तो वाळलेला, निवडलेला, विक्रीला सज्ज असतो. अमलाच्या हिशोबाने या दोन वजनांत मोठे अंतर आहे. कायद्याच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात पडतात. मोठ्याला आणि लहानाला वेगळे करण्यासाठी आखलेली रेषा शेताच्या बांधावर येऊन नेमकी लहानाच्या विरुद्ध काम करते.

याला पहिला आक्षेप कायदेशीर आहे आणि तो वजनदार आहे. कलम २० प्रमाणे लागवड हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यासाठी वजन लागत नाही, फूल लागत नाही, कारण कायद्याच्या भाषेत कॅनाबिस वंशातली कोणतीही वनस्पती पुरते. मग शेंड्यांचा हा काथ्याकूट कशाला? हे सगळे मान्य. पण मग वजनही सोडून द्यावे आणि लागवडीचाच आरोप ठेवावा. तसे झाले तर न्यायाधीशासमोर किती गुंठे, किती झाडे, कोणाची जमीन, कोणी पैसा दिला हे प्रश्न येतील, आणि तेच यायला हवेत. अडचण तिथे येते जिथे लागवडीबरोबर ताब्यात गांजा बाळगल्याचा आरोपही जोडला जातो आणि ओल्या झाडांच्या वजनावर प्रकरण व्यापारी प्रमाणात जाऊन बसते. एकदा ते तिथे बसले की खटला उभा राहण्याआधीच आरोपीची वर्षे जातात. मुंबई उच्च न्यायालयाने काही जामीन अर्जांत पाने, बी, देठ वेगळे न करता केलेल्या वजनावर बोट ठेवले आहे, हे खरे. पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणे हे सातपुड्यातल्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला किती परवडते, याचा विचार केला पाहिजे.

दुसरा आक्षेप व्याख्येतल्याच एका बारकाव्याचा. पाने वगळली आहेत ती फक्त शेंड्यांसोबत नसतील तर. उभ्या झाडावर पाने शेंड्यांसोबतच असतात, मग सगळीच धरायला काय हरकत? पानांपुरता हा मुद्दा टिकतो आणि त्यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. फुलोऱ्यात गुंतलेली लहान पाने धरावीत, हे झाडाच्या रचनेशीही जुळते, कारण राळेच्या घुंड्या त्यांच्यावर असतात. परंतु बुंध्याजवळचे हाताएवढे पान दीड मीटर वरच्या शेंड्याच्या सोबत आहे असे म्हणायला भाषा फार ताणावी लागते, आणि मुळाबद्दल तर हा युक्तिवाद सुरूच होत नाही. शिवाय हे झाड फुलण्याआधी पकडले गेले तर त्याला शेंडा असतो, फुलोरा नसतो. ऑगस्टमध्ये उपटलेल्या शेतात अख्ख्या पिकाचे वजन करून त्याला गांजा म्हणणे म्हणजे बोंड न धरलेल्या पऱ्हाटीचे वजन कापूस म्हणून लिहिणे. नर झाडांचेही असेच. नर काढून टाकण्याची कला ज्यांच्या हाती उरलेली नाही अशा चोरट्या शेतात नर-मादी मिसळलेली असतात आणि तराजू दोघांना एकत्र मोजतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: डोंगरात, अंधार पडायच्या आत, शेकडो झाडांचे शेंडे कोण खुडत बसणार? अधिकाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. रस्ता नसतो, माणसे कमी असतात, वातावरण तापलेले असते. तरी कायद्याने वाट ठेवली आहे. कलम ४८ खाली उभे पीक जप्त करून जागीच नष्ट करण्याचा आदेश देता येतो. सगळे झाड गोणीत भरून ठाण्यात आणलेच पाहिजे असे नाही. कलम ५२-अ प्रमाणे यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित करायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मोहनलाल प्रकरणात त्यावर जोर दिला आणि २०२२ साली केंद्राने त्यासाठी स्वतंत्र नियमही केले. शेताचे माप, झाडांची संख्या, प्रत्येक भागातली काही झाडे निवडून त्यांचे मूळ, खोड, पाने आणि शेंडे यांचे वेगवेगळे वजन, आणि शेंड्यांचे वाळल्यावरचे वजन, एवढे केले तरी संपूर्ण पिकाचा प्रामाणिक अंदाज निघतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कागद-पेन्सिल आणि बैलगाडीच्या जोरावर अबकारी खाते चपटा, गोल आणि चूर वेगळे लिहू शकत होते.

चौथा आक्षेप मनातला असतो, तोंडावर फारसा येत नाही: हे सगळे म्हणजे गांजावाल्यांची वकिली. तसे नाही, आणि ते का नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गांजाच्या व्यापाराने सातपुड्यातल्या कुटुंबांचे भले झाले नाही. पीक सापडले की शेतातला माणूस तुरुंगात जातो. बी आणि उचल देणारा छाप्याच्या दिवशी शेतात नसतो. त्याच्यासाठी कायद्यात कलम २७-अ आहे, अमली व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी, आणि त्याचीही शिक्षा १० ते २० वर्षांची आहे. सरपंचासह गावच्या अधिकाऱ्यांनी अशी लागवड कळताच खबर द्यावी, हे कलम ४७ सांगते. तपासाची ताकद या दिशांना लागली तर व्यापार मोडेल. फुगवलेल्या वजनाने व्यापार मोडत नाही. उलट बचावाच्या वकिलाला आयते हत्यार मिळते, आणि ज्याला शिक्षा व्हायला हवी तोही त्या फटीतून निसटतो. नीट मोजलेला खटला सरकार पक्षालाही अधिक भक्कम करतो. १८९४ च्या आयोगाने सुचवलेला परवान्याचा मार्ग पुन्हा धरावा की नाही, हा स्वतंत्र वाद आहे आणि या मुद्द्याला त्याची गरज नाही. बंदी ज्यांना हवी त्यांनाही, परवाना ज्यांना हवा त्यांनाही, खोडाला खोड आणि फुलाला फूल म्हणावे लागेल.

धुळ्यात महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे, जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. दोन्हीकडे वनस्पतीची वाढ शिकवणारे आणि शिकणारे लोक आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी अशा पिकाच्या जप्तीत या संस्थांमधला एक जाणकार पंच म्हणून बोलवावा, आणि पंचनाम्याच्या छापील नमुन्यात मूळ, खोड, पाने, शेंडे असे चार वेगळे रकाने आणि ओले-वाळलेले असे दोन स्तंभ घालावेत. सरकारी वकिलांनी हे रकाने रिकामे असतील तर कागद परत पाठवावा. आणि खानदेशातल्या संपादकांना विनंती अशी, की पुढच्या वेळी इतके किलो गांजा हा मथळा टेबलावर आला की छापण्याआधी बातमीदाराला विचारावे: कशाचे वजन, आणि ओले की वाळलेले?